काळी दोनच्या जरा वर

लक्ष्मीपुरीत जिन्याखाली माझं पेट्या दुरुस्तीचं दुकान.
दोन माणसं बसली की तिसरं उभं.

रुबिना जमादार आली ती फॉर्म घेऊन.
"काका, गाण्याची लय, पट्टी आणि सांगीतिक वैशिष्ट्ये, असं विचारलंय.
आम्ही वाजवतोय नुसतं. आम्हाला काय ठाऊक?"
मोबाइलवर तालमीतलं ऐकवलं:
दोन मिनिटं पाच सेकंद,
मिनिटाला एकशे अडुसष्ट ठोके.
मी टोपण काढलं पेनाचं.
"ते खरं न्हवं, काका. खरं शनिवारी. उद्यमनगरात या."

मोरस्करांची फाउंड्री. भट्टी तीन वर्षं थंड.
मोल्डिंगची काळी वाळू कोपऱ्यात तशीच,
पोरं तिच्यात घोट्यापर्यंत उभी.
चार पॅलेट जोडून स्टेज, त्यावर पंक.
माझ्यासाठी कुणीतरी खुर्ची शोधून आणली, एका हाताची.

सुशांत भोरेनं काठीवर काठी मारली चारदा
आणि मी घड्याळाकडं बघितलं.
पंधरा सेकंदांत एकोणपन्नास.
चुकलो असेन म्हणून परत मोजलं.
एकोणपन्नास.
म्हणजे एकशे शहाण्णव.
आमचे तबलजी इथं पोचायच्या आधीच
तिहाई घेऊन घाम पुसत बसतात.

अठरा सेकंद वाचवली पोरानं.
का, ते मागनं कळलं:
गोकुळ शिरगावला दहाची पाळी,
गेटवर उशीर झाला की अर्धा रोज कापतात.
फॉर्मात त्याला रकाना नाही.

आता पट्टी.
तारा अर्ध्या सुरानं उतरवलेल्या,
वर गेली की रुबिना फाटते म्हणून.
पांढरी तीनची झाली काळी दोन.
पण पृथ्वीच्या गिटारची एक खुंटी
बापानं लेथवर करून दिलेली, पितळेची.
ती तार ओढून धरते, सुटत नाही,
मग बाकीच्या पाच तो तिच्याशी जुळवतो,
आणि बासवाला त्याच्याशी.
म्हणून काळी दोनच्या जरा वर.
माझ्या पेटीत त्या जागी फट आहे.
झुरळ जातं तिथनं, सूर नाही.

राग विचारू नका.
सा आणि पंचम, सा आणि पंचम,
मुठीत धरून तीन ठिकाणी सरकवलेले.
गंधार नाहीच. ना कोमल, ना शुद्ध.
रडायचं का हसायचं ठरवणारा सूर
घरी ठेवून आलीत पोरं.

रुबिना गाते असं म्हणवत नाही.
हजेरीपुस्तकातली नावं वाचते ती, एका दमात एक पान,
आणि दर नावाला वाळूतनं दीडशे गळे:
गैरहजर!
गैरहजर!
चौथ्या पानावर मीही ओरडलो. एकसष्टाव्या वर्षी.
खुर्चीचा उरलेला हात हातात आला.

पण गंधार ऐकू येत होता.
शुद्ध. अगदी जागच्या जागी.
पृथ्वीची बोटं बघितली, बासवाल्याची बघितली.
कुणी दाबत नव्हतं.

एक मिनिट सत्तेचाळीस. संपलं.
सुशांत काठ्या टाकून बाहेर पळाला,
त्याची गाडी दोन किकला सुरू झाली,
आणि त्या मोकळ्या जागेत
तो राहिला एकटा:
ॲम्प्लिफायरची घरघर.
अर्थिंग धड नाही शेडला,
वीज ज्या सुरात तारेतनं येते
तोच सूर, कुणी न वाजवलेला.
खुंटी त्या बापानं एक आटा इकडंतिकडं केली असती
तर जुळला नसता.

रात्री दुकान उघडून बसलो.
काळी दोन दाबली. कानस घेतली.
टोकाशी घासलं की सूर चढतो,
बुडाशी घासलं की उतरतो.
टोकाशी दोनदा, हलक्या हातानं.
गिऱ्हाइकाची नव्हती, माझीच पेटी.
वर ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत होता,
एकतीस वर्षं गुणगुणतोय,
मी त्याला शिव्या घालत पेट्या लावल्या.

भाता सोडला. काळी दोन धरून ठेवली.
लागला.

फॉर्मात लिहिलं:
लय — दहाच्या पाळीची.
पट्टी — खाली सही केली नुसती.
रुबिना सोमवारी येणार आहे न्यायला.